लिमाचे वाचनालय आणि चव्वेचाळीस वर्षांचा विद्यार्थी

१/
१८८४ सालची अखेर. पेरूची राजधानी लिमा. चिलीबरोबरच्या युद्धात पराभूत झालेले हे शहर वर्षभरापूर्वीच शत्रुसैन्याच्या ताब्यातून मोकळे झाले होते. तेथील इंग्लिश क्लबाच्या वाचनालयात अमेरिकी नौदलाचा एक अधिकारी थिओडोर मॉमसेनचा रोमचा इतिहास वाचत बसला होता. वय चव्वेचाळीस, डोक्याला टक्कल, स्वभाव अबोल. वाचता वाचता त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला : हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरण्याऐवजी समुद्रमार्गे आला असता, तर?

२/
त्या प्रश्नातून सहा वर्षांनी एक पुस्तक झाले. ते पुस्तक जर्मनीच्या सम्राटाने झपाटल्यासारखे वाचले, जपानच्या नौदलाने अभ्यासाला लावले, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी त्याच्या लेखकाला सन्माननीय पदव्या दिल्या. इतिहासाची कोणतीही औपचारिक पदवी त्याच्याजवळ नव्हती. त्याचे नाव आल्फ्रेड थेयर मॅहॅन. उतारवयाकडे झुकताना युद्धेतिहासाचा विद्यार्थी झालेल्या या माणसाची गोष्ट आज पाहू. तिच्यात जितके प्रोत्साहन आहे तितकाच इशाराही आहे.

३/
मॅहॅनचा जन्म २७ सप्टेंबर १८४० रोजी वेस्ट पॉइंट येथे, अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या आवारातच झाला. वडील डेनिस हार्ट मॅहॅन तेथे लष्करी अभियांत्रिकी आणि युद्धकला शिकवीत. ग्रँट, शर्मन, स्टोनवॉल जॅक्सन हे यादवी युद्धातले सेनापती त्यांच्याच वर्गातून बाहेर पडले. युद्धाचा अभ्यास म्हणजे काय, हे या मुलाने घरातच पाहिले होते. पण मुलगा नौदलात जायचे म्हणाला, तेव्हा वडिलांनी स्पष्ट सांगितले की लष्करी पेशापेक्षा नागरी व्यवसाय तुला अधिक मानवेल. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात मॅहॅनने मोकळेपणाने कबूल केले, की वडिलांचे म्हणणे खरे होते.

४/
१८५९ मध्ये तो ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून वर्गात दुसरा येऊन बाहेर पडला. यादवी युद्धात त्याच्या वाट्याला मुख्यतः नाकेबंदीची गस्त आली. दक्षिणेच्या किनाऱ्यासमोर आठवडेच्या आठवडे घिरट्या घालायच्या आणि वाट पाहायची, एवढेच काम. युद्ध संपल्यावर अमेरिकेने आपले नौदल जवळपास विसरूनच टाकले. युरोपात पोलादी जहाजे बांधली जात असताना अमेरिकी अधिकारी जुन्या लाकडी जहाजांवर दिवस काढीत होते. बढती मिळे ती ज्येष्ठतेनुसार, तीही वर्षानुवर्षे थांबून. विचार करणाऱ्या माणसाला तेथे फारसे काम नव्हते.

५/
आणि घरचा एक घाव होता. १८७१ मध्ये वेस्ट पॉइंटच्या पाहणी मंडळाने वृद्ध प्राध्यापक मॅहॅन यांना निवृत्त करावे अशी शिफारस केली. ज्या वर्गात आयुष्य गेले तो सुटणार, हे त्यांना सोसले नाही आणि त्यांनी हडसन नदीत देह टाकला. वय एकोणसत्तर होते. या घटनेविषयी मॅहॅन उघडपणे फार बोलला नाही. पण अभ्यास हाच ज्याचा श्वास आहे अशा माणसाकडून अभ्यास काढून घेतला की काय होते, हे मुलाने पाहिले होते, एवढे आपल्याला म्हणता येते.

६/
१८८३ मध्ये मॅहॅनचे पहिले पुस्तक निघाले. यादवी युद्धातील मेक्सिकोचे आखात आणि मिसिसिपी खोरे यांतील नौदल मोहिमांचा तो वृत्तांत होता. एका प्रकाशकाच्या मालिकेसाठी मागणीवरून लिहिलेला. काम नीटनेटके होते, पण त्यात पुढच्या मॅहॅनची चाहूल फारशी लागत नाही. त्याच वर्षी त्याला ‘वाचूसेट’ या जुनाट जहाजाचे आधिपत्य मिळाले आणि तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पडला. जहाज चालवण्यात त्याची ख्याती बेताचीच होती. समुद्राचे पुढे त्याने जेवढे कौतुक लिहिले, तेवढे सुख समुद्राने त्याला कधी दिले नाही.

७/
आता या कथेतल्या दुसऱ्या माणसाकडे वळू : स्टीफन ल्यूस. हाही नौदलाचाच अधिकारी, मॅहॅनहून तेरा वर्षांनी मोठा. जानेवारी १८६५ मध्ये तो सॅव्हाना येथे जनरल शर्मनला भेटला. उत्तरेचे नौदल चार्ल्सटन बंदरावर दीर्घकाळ हल्ले करत होते आणि बंदर पडत नव्हते. शर्मनने नकाशाकडे पाहून सांगितले, की मी आतल्या बाजूने जाऊन या शहराचे रस्ते तोडतो, मग ते पिकल्या फळासारखे हातात येईल. फेब्रुवारीत नेमके तसेच झाले.

८/
ल्यूस विचारात पडला. बंदर जिंकण्यासाठी नौदलाने जे दीर्घकाळ केले ते व्यर्थ होते, आणि हे एका भूसेनानीला क्षणात दिसले. का दिसले? कारण युद्धामागे काही तत्त्वे असतात हे त्याला ठाऊक होते. नौदलाच्या अधिकाऱ्यांना जहाज चालवायला शिकवले होते, तोफा डागायला शिकवले होते. युद्धाचा विचार करायला कोणीच शिकवले नव्हते. प्रशिक्षण झाले होते, शिक्षण राहून गेले होते. ही उणीव ल्यूसला जवळपास वीस वर्षे डाचत राहिली.

९/
या तळमळीतून ६ ऑक्टोबर १८८४ रोजी नौदल युद्ध महाविद्यालयाची स्थापना झाली. ठिकाण ऱ्होड आयलंड राज्यातले न्यूपोर्ट. ही कल्पना त्या काळी विलक्षण होती. अकादमीतून उत्तीर्ण होऊन दहा-वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसांना पुन्हा बाकावर बसवायचे आणि पदव्युत्तर पातळीवर युद्धाचा इतिहास, डावपेच, आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचा. केस पिकू लागलेल्या कप्तानांना कोणी विद्यार्थी म्हणावे, हेच पुष्कळांना हास्यास्पद वाटत होते.

१०/
संस्थेला मिळालेली इमारतही तशीच होती. पूर्वी ते गावातल्या निराधार गरिबांचे आश्रयस्थान होते. पहिल्या वर्गात जेमतेम आठ-नऊ अधिकारी. शिकवायला ल्यूसला माणसे हवी होती, आणि नौदलाचा इतिहास शिकवण्यासाठी त्याला मॅहॅन आठवला. पत्र गेले. ४ सप्टेंबर १८८४ रोजी मॅहॅनने इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरातून होकार कळवला. मात्र या विषयात आपले ज्ञान तोकडे आहे, तयारीसाठी वेळ लागेल, हेही त्याने लपवले नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी, अधिकारपदावर असताना, ‘मला येत नाही’ असे लेखी देणे सोपे नसते.

११/
तेव्हा लिमातले ते वाचन निरुद्देश नव्हते. नव्या नोकरीची ती धास्तावलेली तयारी होती. मॉमसेन वाचताना त्याला जाणवले, की दुसऱ्या प्युनिक युद्धात भूमध्य समुद्रावर रोमचे वर्चस्व होते. म्हणून हॅनिबलला गॉलमधून, आल्प्स चढून जावे लागले आणि त्या वाटचालीत त्याचे निम्म्याहून अधिक कसलेले सैनिक संपले. इतिहासकारांनी हत्ती, बर्फ आणि रणांगणातले शौर्य रंगवले होते. पण समुद्र कोणाच्या हातात होता, हे युद्धाच्या निकालाच्या हिशेबात कोणी नीट मांडलेच नव्हते.

१२/
मॅहॅन १८८५ मध्ये मायदेशी परतला. अभ्यासासाठी त्याने वेळ मागून घेतला आणि १८८५-८६ चा हिवाळा न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत घालवला. फ्रान्सचा इतिहास, फ्रेंच नौदलाचा इतिहास, इंग्रज आरमाराच्या लढायांची वर्णने, असा क्रम. मग जानेवारी १८८६ मध्ये जोमिनी हाती आला. नेपोलियनच्या काळातल्या या स्विस लेखकाने भूयुद्धाची तत्त्वे मांडली होती : बळ एकवटणे, मध्यवर्ती स्थान साधणे, शत्रूचे दळणवळण तोडणे. मॅहॅनने स्वतःला विचारले, हीच तत्त्वे पाण्यावर लागू होतात का?

१३/
१८८६ मध्ये तो न्यूपोर्टला पोहोचेपर्यंत ल्यूसची बदली झाली होती. जो शिकवायला आला होता, त्याच्याच गळ्यात संस्थेचे अध्यक्षपद पडले. कुटुंबासह तो त्याच इमारतीत राहू लागला. सामग्री नव्हती, पैसा नव्हता. लढायांचे नकाशे तो स्वतः काढी. दोन्ही पक्षांच्या जहाजांचे रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे कापून कागदावर मांडी, वाऱ्याची दिशा आणि मिळालेली वर्णने जुळेपर्यंत ते सरकवत राही. युद्धेतिहासाचा खरा विद्यार्थी कसा असतो, याचे हे चित्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१४/
या संस्थेवर वरिष्ठांचा राग होता. नौदल खात्याच्या मंत्र्यालाच ती नकोशी होती. अनुदानासाठी झगडावे लागे. मध्यंतरी मॅहॅनला नौदलाच्या नव्या गोदीसाठी जागा शोधायला देशाच्या दुसऱ्या टोकाला, वायव्य किनाऱ्यावर पाठवले गेले आणि महाविद्यालय पाणतीरांच्या प्रशिक्षण केंद्रात विलीन करण्यात आले. संस्था मरणारच, असे तेव्हा अनेकांना वाटले. तिच्याजवळ इमारत नव्हती, निधी नव्हता. हाती होती ती एका प्रौढ विद्यार्थ्याची व्याख्याने.

१५/
ती व्याख्याने पुस्तकरूपाने छापायला प्रकाशक मिळेना. अखेर १८९० मध्ये बोस्टनच्या लिटल, ब्राऊन या संस्थेने ती काढली : ‘इतिहासावर सागरी सत्तेचा प्रभाव, १६६०–१७८३’. लेखक तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. थिओडोर रूझवेल्टने ते दोन दिवसांत वाचून मॅहॅनला पत्र लिहिले आणि मग त्याचे जोरदार परीक्षण केले. रूझवेल्टने स्वतः १८१२ च्या नौदल युद्धावरचे आपले पुस्तक तेविसाव्या वर्षी छापले होते. एकाच विषयाचे दोन अभ्यासक, एक तेविशीत उमललेला, दुसरा पन्नाशीत. या विद्येला घाई नाही, तसा उशीरही नाही.

१६/
पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : राष्ट्राचे वैभव व्यापारावर उभे असते, व्यापार समुद्रावरून चालतो, आणि जो शत्रूचे मुख्य आरमार निष्प्रभ करतो त्याच्या हाती समुद्र राहतो. सागरी सत्ता कोणाला साधते, याच्या त्याने सहा कसोट्या सांगितल्या : भौगोलिक स्थान, किनाऱ्याची घडण, भूप्रदेशाचा विस्तार, लोकसंख्या, लोकांचा स्वभाव आणि राज्यकर्त्यांचे धोरण. म्हणजे त्याचे आरमार निव्वळ तोफांचे नव्हते. त्याच्या मागे बंदरे, व्यापारी जहाजे, खलाशी आणि सरकार असा सगळा पसारा होता.

१७/
आपल्यासाठी या पुस्तकातला एक भाग खास आहे. १७८२-८३ मध्ये फ्रेंच दर्यासारंग सुफ्रां आणि इंग्रज ॲडमिरल ह्यूज यांच्यात हिंदी महासागरात पाच लढाया झाल्या : सद्रास, प्रोव्हिडिएन, नागपट्टण, त्रिंकोमाली आणि कडलूर. मॅहॅनने त्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह आपण जमिनीवरची गोष्ट म्हणून वाचतो. त्या दिवसापर्यंत यांपैकी दोन लढाया होऊन गेल्या होत्या आणि हैदर अली फ्रेंच मदतीच्या भरवशावर कर्नाटकात लढत होता. जमिनीचा आणि समुद्राचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला, की तेच साल वेगळे दिसू लागते.

१८/
मात्र त्याच कालखंडातल्या मराठी आरमाराला मॅहॅनच्या पुस्तकात स्वतंत्र जागा नाही. ज्या १६६० पासून तो सुरुवात करतो, त्याच सुमारास शिवाजी महाराज कोकणात आरमार उभारत होते. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, हा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या आरंभीच आला आहे. आणि १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार नष्ट होऊ दिले. मॅहॅनची सहावी कसोटी, म्हणजे राज्यकर्त्यांचे धोरण, या प्रसंगाला लावून पाहण्याजोगी आहे. युरोपच्या छापील ग्रंथांपलीकडे न गेलेल्या अभ्यासकाला ही कहाणी भेटली नाही.

१९/
पुस्तकाची कीर्ती झाली तरी खात्यातला राग मावळला नाही. १८९३ मध्ये मॅहॅनला न्यूपोर्टहून उठवून ‘शिकागो’ या युद्धनौकेवर पाठवण्याचे ठरले. त्याने लेखनासाठी किनाऱ्यावर राहू देण्याची विनंती केली. वरिष्ठ अधिकारी रॅमसे याने नौदल अधिकाऱ्याचे काम पुस्तके लिहिणे नव्हे, अशा आशयाचा शेरा मारून ती फेटाळली. शिक्षा म्हणून दिलेली ती सफर युरोपात मात्र विजययात्रा ठरली. राणी व्हिक्टोरियाने त्याला भोजनाला बोलावले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने १८९४ मध्ये एकाच आठवड्यात त्याला पदव्या दिल्या.

२०/
१९०२ मध्ये मॅहॅन अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला. इतिहासाचा पदवीधर नसलेल्या बासष्ट वर्षांच्या निवृत्त नाविकाला देशातल्या व्यावसायिक इतिहासकारांनी आपला प्रमुख निवडले. याच वर्षी त्याच्या एका लेखातून ‘मध्यपूर्व’ ही संज्ञा रूढ व्हायला मोठी मदत झाली. येथे गोष्ट संपवली, तर ती गोड होईल आणि अपुरी राहील. कारण त्याच्या अध्यक्षीय भाषणातच त्याच्या अभ्यासाचे मर्म आणि त्याचे दुखणे, दोन्ही दडलेले आहे.

२१/
त्या भाषणात त्याचे प्रतिपादन असे होते, की इतिहासकाराने तपशिलांचे ढीग रचू नयेत. एक मध्यवर्ती कल्पना शोधावी आणि सारे तपशील तिच्या आधीन ठेवावेत. वाचनीय इतिहासासाठी हा मंत्र उत्तम आहे. पण आता लिमाकडे पुन्हा पाहा. कल्पना आधी सुचली, पुरावा नंतर गोळा झाला. १६६० ते १७८३ हा काळ निवडला, त्यात प्रामुख्याने इंग्लंडचा उत्कर्ष आहे. जो तपशील कल्पनेच्या आधीन होत नव्हता, त्याचे काय करायचे? त्याने बव्हंशी छापील आणि दुय्यम ग्रंथांवर काम केले. मूळ कागदपत्रांत तो फारसा उतरला नाही. मूळ कागद हट्टी असतात, ते कोणाच्या आधीन सहज होत नाहीत. म्हणूनच ते पाहावे लागतात.

२२/
आणखी एक गोष्ट. मॅहॅन तटस्थ अभ्यासक नव्हता. त्याला आपल्या देशाला मोठे आरमार मिळवून द्यायचे होते, आपली संस्था वाचवायची होती. त्यामुळे त्याचा इतिहास पुष्कळदा वकिलाच्या युक्तिवादासारखा बोलतो. आणि युक्तिवाद समुद्रापार गेला. कैसर विल्हेल्मने हे पुस्तक आपल्या जहाजांवर ठेवायला लावले. जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात युद्धनौकांची जी चढाओढ पुढे लागली, तिची कारणे अनेक होती. पण तिला तात्त्विक बळ पुरवणाऱ्या ग्रंथांत हा ग्रंथ अग्रभागी होता. इतिहासाच्या पुस्तकाची किंमत कधी कधी वाचकांपेक्षा फार निराळ्या लोकांना मोजावी लागते.

२३/
मॅहॅनला वाटे, की व्यापारी जहाजांवर विखुरलेले हल्ले करून बलाढ्य सागरी राष्ट्र नमत नाही. निर्णय मोठ्या आरमारांच्या लढाईत लागतो. २२ सप्टेंबर १९१४ रोजी एका जर्मन पाणबुडीने तासा-दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. १ डिसेंबर १९१४ रोजी मॅहॅन वारला. पुढे १९१७ मध्ये पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे बुडवून ब्रिटनला जवळपास गुडघ्यावर आणले. उलट बाजूने पाहिले, तर ब्रिटनच्या सागरी नाकेबंदीने जर्मनीची जी उपासमार झाली, तीत मॅहॅनचे म्हणणे बरेचसे खरेही ठरले. तत्त्व अर्धे टिकले, अर्धे बुडाले.

२४/
येथे त्याच्या समकालीनाची आठवण येते. ज्युलियन कॉर्बेट हा इंग्रज वकील. वकिली सोडून कादंबऱ्या लिहू लागला आणि मग चाळिशीत नौदलाच्या इतिहासाकडे वळला. तोही उशिराचाच विद्यार्थी, आणि समुद्रावर नोकरी केलेली नसूनही ब्रिटिश नौदलाच्या मध्यमवयीन अधिकाऱ्यांचा शिक्षक झाला. पण जॉन नॉक्स लॉटनच्या पिढीने उघडलेल्या दफ्तरखान्यांत तो बसला, मूळ कागद वाचले. १९११ मध्ये त्याने सागरी रणनीतीवर जे पुस्तक लिहिले, त्याचा सूर संयत आहे : माणसे जमिनीवर राहतात, म्हणून युद्धाचा निकाल बहुधा जमिनीवर लागतो, आणि आरमाराचे मोल त्या निकालावर ते काय परिणाम करते यावरून ठरवावे.

२५/
मग युद्धाचा इतिहास वाचावा कसा? दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून शौर्यपदक मिळवलेला आणि नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजात या विषयाचे अध्यासन उभारणारा मायकेल हॉवर्ड याने १९६१ च्या एका व्याख्यानात तीन कसोट्या दिल्या. रुंदी : दीर्घ काळात युद्ध कसे बदलले हे पाहा. खोली : एखादी मोहीम निवडा आणि पत्रे, रोजनिशी, आठवणी सारे इतके वाचा, की पुस्तकातली सुबक आकृती विस्कटून प्रत्यक्षातला गोंधळ दिसू लागेल. संदर्भ : युद्धामागचा समाज, पैसा आणि राजकारण समजून घ्या.

२६/
या तराजूत मॅहॅन टाकून पाहा. रुंदीत तो भक्कम. संदर्भात त्या काळच्या मानाने पुष्कळ पुढे. खोलीत उणा. आणि हे उणेपण उशिराच्या अभ्यासकाला विशेष ग्रासते, कारण त्याला घाई असते. हाती वर्षे थोडी, अनुभव मोठा. मग अनुभवाला पटणारे निष्कर्ष चटकन खरे वाटतात. तरुण अभ्यासकाचा दोष निराळा : त्याला मोहिमेचा तपशील मुखोद्गत असतो, पण उपाशी सैन्य चालवणे म्हणजे काय, वरिष्ठाचा चुकीचा हुकूम पाळणे म्हणजे काय, हे त्याला फक्त शब्दांत ठाऊक असते. नाकेबंदीतला कंटाळा मॅहॅनला ग्रंथालयातून शिकावा लागला नाही.

२७/
आपल्याकडेही ही परंपरा आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. रियासतीचे लेखन नोकरी सांभाळून चालले. १९२५ मध्ये, साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तराचे काम हाती घेतले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. पानिपतावर आज कोणीही लिहायला बसला, तरी त्या खंडांना वगळून जाता येत नाही. मॅहॅनने जी पायरी गाळली, तीच पायरी सरदेसाईंनी साठीनंतर आयुष्याचे मुख्य काम मानली.

२८/
न्यूपोर्टची ती संस्था आजही उभी आहे, आणि नोकरीची अनेक वर्षे पार केलेले अधिकारी तेथे पुन्हा विद्यार्थी होतात. पुणे विद्यापीठातही संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. मुक्त विद्यापीठांत इतिहासाच्या एम.ए.ला वयाची वरची अट नाही. तेव्हा घरातले कोणी, निवृत्त बाबा, बँकेतल्या मावशी, सैन्यातून परतलेले काका, ‘मला लढायांचा इतिहास रीतसर शिकायचा आहे’ असे म्हणाले, तर ‘आता या वयात कशाला?’ असे विचारू नका.

२९/
त्याऐवजी त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला : तुम्हाला कोणत्या प्रश्नाने झोपू दिले नाही? कारण लिमाच्या वाचनालयात मॅहॅनला जे मिळाले, ते उत्तर नव्हते, प्रश्नच होता. दुसरा : त्याचे तुम्हाला आवडणारे उत्तर खोटे ठरवू शकेल असा कागद कोठे असेल? तो शोधायला त्यांच्याबरोबर दफ्तरखान्यात जा. मोडी येत असेल तर वाचून दाखवा, येत नसेल तर दोघेही शिका. तुमच्याजवळ डोळे आहेत आणि वेळ आहे, त्यांच्याजवळ आयुष्याचा अनुभव आहे. युद्धाचा इतिहास समजायला दोन्ही लागतात.

धागा समाप्त.